पंचकात न दिलेल्या गोळ्या

अप्पांनी माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. शेवट जवळ आला की मला हॉस्पिटलात नेऊ नका, घरीच राहू द्या. मी हो म्हटलं. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि हो म्हणणं मला सोपं वाटलं होतं.

त्यांना हॉस्पिटलची एवढी धास्ती का, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे थोरले भाऊ, माझे काका, त्याच्या दोन वर्षं आधी एका खाजगी हॉस्पिटलात गेले. अकरा दिवस ते नळ्यांमध्ये होते. दिवसातून दोनदा काचेपलीकडून त्यांना बघता येई. नळ्या ओढू नयेत म्हणून त्यांचे हात खाटेला बांधले होते. शेवटी त्यांच्या तोंडात कुणी पाणी घातलं नाही, कुणी त्यांना हाकही मारली नाही. गणवेशातला एक माणूस बाहेर आला आणि त्याने आम्हाला सह्या करायला बोलावलं. त्या दिवशी घरी आल्यावर अप्पा ओसरीवरच बसले. मग एवढंच म्हणाले, "दादाला मरायलासुद्धा परवानगी काढावी लागली."

अप्पा पितळी दिव्यांच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे. समईचा खांब कातून गुळगुळीत करणं हे त्यांचं काम. आधी त्यांच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि वर्षभराने ती मणक्यात आल्याचं कळलं. डॉक्टर हे सगळं माझ्याकडे बघून बोलत होते, कारण इंग्रजी कागद वाचू शकणारी आमच्यात मी एकटीच होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेलं माझ्याआधी कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, आता आजाराला औषध नाही, पण दुखण्याला आहे. घरी न्या आणि दुखू देऊ नका. त्यांनी एका चिठ्ठीवर घरी येऊन बघणाऱ्या नर्सचा नंबर लिहून दिला.

आम्ही कावेरीकाठी, मेलकावेरीत एका घराच्या मागच्या भागात भाड्याने राहतो. पुढच्या भागात घरमालक राहतात. आम्ही घरात मराठी बोलतो, आमच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आणलेली. उंबरा ओलांडला की तमिळ. पुस्तकातली मराठी मी नंतर, स्वतःहून शिकले. इथे सगळ्यांचं बोलणं मी त्याच मराठीत लिहिते आहे. ते तसं बोलले नव्हते, पण जे बोलले ते हेच.

नर्स दर गुरुवारी सकाळी यायच्या. आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. पन्नाशीच्या, कमरेला पट्टा बांधलेला. चप्पल बाहेर काढून त्या आधी थेट स्वयंपाकघरात हात धुवायला जायच्या, आणि जाता जाता आईच्या कढईत डोकावून आज काय केलं आहे ते बघायच्या. मग अप्पांच्या खाटेवर बसून विचारायच्या, "काय सर, दहापैकी आज किती दुखतंय?" अप्पांचा सगळा जन्म मोजमापात गेलेला. ते म्हणायचे, "साडेसहा." सिस्टर म्हणायच्या, "हे साडे कुठून आणता? माझ्या कागदावर एकाच आकड्याला जागा आहे." अप्पा म्हणायचे, "मग कागद मोठा आणा."

सिस्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या. पांढऱ्या, लहान, अगदी साध्या दिसणाऱ्या. दर चार तासांनी एक, निजताना दोन. सोबत पोट साफ राहायचं औषध. त्यांनी मला नीट बसवून समजावलं होतं. दुखायला लागलं की द्यायची नाही, दुखायच्या आधी द्यायची, घड्याळ बघून. काही शंका आली तर फोन करायचा, कधीही. मी गोळ्या स्टीलच्या एका डब्यात ठेवल्या आणि तो डबा माझ्या पुस्तकांशेजारी फळीवर ठेवला. पहिल्या आठवड्यातच अप्पा उशीला टेकून बसायला लागले. इडली मागितली. पेपर मागितला. तीन आठवडे घरात इतकी शांतता होती की कधी कधी मला वाटायचं, डॉक्टरांची काही चूक तर झाली नसेल?

मग अप्पांचं खाणं कमी झालं आणि झोप वाढली. सिस्टर म्हणाल्या, आता थोडे आठवडे, किंवा थोडे दिवसच. त्याच सुमारास आत्या आली.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, तिरुविडैमरुदूरला राहते. आजी लवकर गेल्यामुळे अप्पांना तिनेच वाढवलेलं. बसमधून उतरून पिशवी खाली ठेवायच्या आधी ती आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे जाऊन उभी राहिली. रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर, त्यावर तिथी-नक्षत्र छापलेलं असतं. तिने पुढची पानं वर करून बघितली आणि म्हणाली, रविवारी दुपारपासून पंचक लागतं, ते शुक्रवारी पहाटे सुटतं.

पंचकात माणूस गेला तर मागोमाग आणखी पाच जातात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या लोकांत त्यावर तोड आहे. दर्भाच्या पाच बाहुल्या करून मृताबरोबर जाळतात. पण इकडचे लोक पंचकातली नक्षत्रं त्याहून कडक पाळतात. ते याला अडैप्पु म्हणतात, म्हणजे बंद करणं. अशा नक्षत्रावर ज्या घरात माणूस जातो ते घर सहा महिने बंद ठेवायचं. आणि आम्ही राहत होतो ते घर आमचं नव्हतं.

शनिवारी सकाळी घरमालक मागच्या पायरीशी आले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते वाईट माणूस नाहीत. अप्पांना उठवत नव्हतं तेव्हा त्यांनीच डॉक्टरांकडे न्यायला ऑटो बोलावून दिली होती. त्या दिवशी ते आत आले नाहीत. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा महिना लागला होता. बराच वेळ ते तिच्याबद्दलच बोलत राहिले, डॉक्टर काय म्हणाले, तिला झोप कशी लागत नाही. मग खाली बघत म्हणाले, "पाच दिवस फक्त. पाच दिवस त्यांना हॉस्पिटलात ठेवा. मग परत आणा, मी काही बोलणार नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मामा, आम्ही विचार करतो. ते गेले. अप्पा आत जागे होते. त्यांनी काय काय ऐकलं कोण जाणे, पण मी आत गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "मला कुठे नेऊ नका हं."

आत्याने मार्ग काढला. ती म्हणाली, नेलं नाही तरी चालेल, पण पाच दिवस त्याला जागं ठेवायला हवं. माणूस झोपेत हातातून सुटतो. ही गोळी घेतली की हा झोपतो. मी म्हटलं, आत्या, गोळी दुखण्यासाठी आहे. ती म्हणाली, तू शिकलेली ना, मग डब्यातला कागद वाच. त्यात काय लिहिलंय ते सांग.

डब्यात गोळ्यांबरोबर बारीक अक्षरांचा इंग्रजी कागद होता. मी तो यापूर्वी कधी उघडला नव्हता. खाटेपासून लांब, चुलीपाशी बसून मी तो वाचला आणि आत्याला व आईला एकेक ओळ सांगत गेले. मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी. मग श्वास मंदावू शकतो, अशी एक ओळ आली. मी तीही सांगितली. कुणासाठी, किती मात्रेत, कुठल्या परिस्थितीत, हे त्या कागदात पुढे होतं की नव्हतं ते आता आठवत नाही. बहुतेक होतं. मला ते कळलं नसावं, किंवा मी तिथेच थांबले.

आत्या म्हणाली, "बघ. लिहिलेलंच आहे. आम्ही अडाणी म्हणून आम्हाला सांगत नाहीत."

तो कागद मी वाचला नसता तर ती नुसती आत्याची भीती राहिली असती. मी वाचला म्हणून ती खरी झाली. आई मला फक्त एवढंच म्हणाली, तुला जे बरोबर वाटेल ते कर. यापूर्वी आमच्या घरात मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

सिस्टरांना फोन करता आला असता. नंबर फळीवरच चिकटवलेला होता. मी केला नाही. पंचकाचं नाव काढलं तर त्या हसतील, कॉलेजात जाणारी मुलगी आणि हे काय, असं म्हणतील, याची लाज वाटली. दुसरी भीती अशी होती की त्या अप्पांना हॉस्पिटलात हलवा म्हणतील. मी मनाशी हिशेब मांडला की अप्पांची एकच इच्छा आहे, घरी राहायची, आणि त्यासाठी पाच दिवस थोडं सोसावं लागलं तर ते स्वतःच हो म्हणतील. त्यांना विचारलं मात्र नाही.

ठरलं की सकाळी एक गोळी आणि संध्याकाळी एक.

रविवारची दुपार बरी गेली. सोमवारी सकाळपासून त्यांना घाम यायला लागला. नाक वाहायला लागलं, सारख्या जांभया, पोटात कळा. आम्हाला वाटलं ताप येतोय. आईने कपाळावर ओली पट्टी ठेवली. दुपारपर्यंत मणक्यातलं दुखणं परत आलं. अप्पा ओरडणारे नव्हते. कारखान्यात एकदा बोट कापलं तेव्हाही ते कुणाला न सांगता फडकं गुंडाळून चालत घरी आले होते. ते दात आवळून श्वास घ्यायचे आणि खाटेच्या दांडीवर बोटं घासत राहायचे, लेथवरचा खांब तपासताना घासायचे तशी.

मंगळवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"बाळा, गोळी दे."

मी म्हटलं, "अजून वेळ झाली नाही, अप्पा."

घड्याळ त्यांच्या समोरच्या भिंतीवर होतं. सव्वादोन झाले होते. दोनच्या गोळीची वेळ त्यांना पाठ होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी धुवायला घेतलं.

आत्या त्यांच्या उशाशी बसून त्यांना जुन्या गोष्टी सांगायची. तू कावेरीत कसा बुडत होतास, मी तुझी शेंडी धरून कसं ओढलं. "शेंडी होती म्हणून वाचलास," ती म्हणायची, "आता टक्कल पडलंय, आता कुठे धरू?" अप्पा हसायचा प्रयत्न करायचे आणि मध्येच त्यांचा चेहरा आखडायचा. ते दिसलं की आत्या उठून मागच्या अंगणात जायची. ती दुष्ट नव्हती हे मला लिहायला हवं. तिच्या बोटांत सारखी जपमाळ असायची आणि त्या चार दिवसांत ती जवळजवळ जेवली नाही. आई रोज पहाटे अंघोळीच्या आधी कॅलेंडरचं पान फाडायची. बुधवारी तिने दोन पानं फाडली. मी ते पाहिलं. तिने दुसरं पान परत लावायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग तिने ते पदराला पुसलं आणि तिथेच खिळ्यामागे खोचून ठेवलं.

बुधवारी अप्पांनी गोळी मागितली नाही. मला वाटलं दुखणं कमी झालं असेल. खरंच वाटलं, की तसं वाटून घ्यायचं होतं म्हणून वाटलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

गुरुवारी सिस्टर आल्या. हात धुतले, पण कढईत डोकावल्या नाहीत, कारण अप्पांचं कण्हणं त्यांनी दारातूनच ऐकलं होतं. खाटेवर बसून त्यांनी विचारलं, "सर, आज किती?" अप्पांनी डोळे मिटून घेतले. सिस्टर उठल्या, फळीवरचा डबा काढला, झाकण उघडून बोटाने गोळ्या सारत मोजल्या. मग मला मागच्या पायरीवर बोलावलं आणि सगळं विचारलं. मी सांगितलं. मामांचं, आत्याचं, कागदाचं, सगळं.

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, आणि त्याचा मला जास्त त्रास झाला. त्यांनी सांगितलं की घाम, जांभया, कळा, हा ताप नव्हता, गोळी एकाएकी कमी केल्यामुळे शरीर तसं करतं. श्वासाबद्दल म्हणाल्या की दुखण्याला मोजून दिलेली ही गोळी माणसाला मारत नाही. "ते झोपत होते कारण दुखत नव्हतं म्हणून झोप येत होती. त्यात भिण्यासारखं काय होतं? फोन का केला नाहीस?"

त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या वॉर्डात ही गोळी नव्हतीच. माणसं ओरडायची आणि आम्ही दार लोटून घ्यायचो. तेव्हा द्यायला काही नव्हतं. निदान ते तरी कारण होतं."

मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, मात्रा विचारून घेतली आणि मला म्हणाल्या, आता एक दे, तूच दे, मी इथे बसते.

आत्या खाटेच्या आणि फळीच्या मध्ये उभी होती. ती मराठीत, म्हणजे सिस्टरांना कळू नये अशा बेताने, मला म्हणाली, "उद्या पहाटेपर्यंत थांब. एवढं सोसलं त्याने, आता एवढ्यासाठी घालवू नकोस." तिचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. चार दिवस त्यांना जळायला लावून शेवटच्या दिवशी ते गेले असते, तर ते चार दिवसही फुकट, घरही बंद, आणि पुढच्या भागात मामांची गरोदर मुलगी. मी आत्याचा खांदा धरून तिला बाजूला केलं. माझ्या आयुष्यात मी तिला तसा हात लावला नव्हता. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली.

मी अप्पांचं डोकं उचललं, गोळी दिली, पाणी दिलं. त्यांनी ती जिभेने चाचपून ओळखली असावी. गिळल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"आलं का औषध?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सव्वादोनचं घड्याळ बघून त्यांनी ठरवलं होतं की गोळ्या संपत आल्यात, पुरवून द्याव्या लागताहेत, आणि पोरीला तसं सांगता येत नाही. म्हणून बुधवारी त्यांनी मागितली नव्हती.

मी म्हटलं, "हो अप्पा. आलं."

ते सिस्टरांना तमिळमध्ये, थांबत थांबत म्हणाले, "परत कमी पडू देऊ नका. पोरीला फार अवघड होतं. नाही म्हणताना तिचं तोंड बघवत नाही."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. त्या म्हणाल्या, "नाही पडणार, सर. मी बघते." आणि तासाभराने दुसरी गोळी देऊन झाल्यावरच गेल्या.

त्या संध्याकाळी अप्पा झोपले. आत्या त्यांच्या छातीवर नजर लावून बसली होती. शुक्रवारी पहाटे पंचक सुटलं तेव्हाही ते झोपलेले होते आणि त्यांचा श्वास एकसारखा चालू होता. आत्याने देवापुढे दिवा लावला. ती म्हणाली, वाचलो.

त्यानंतर अप्पा तेरा दिवस होते. तेरा दिवस, वेळेवर गोळ्या घेत. म्हणजे त्या चार दिवसांतही ते तसेच राहिले असते. हे मला त्या तेरा दिवसांत रोज, गोळी देताना दिवसातून पाच वेळा, कळत राहिलं.

नंतर मी कॉलेजच्या लायब्ररीत या विषयावर मिळेल ते वाचलं. जगातल्या कितीतरी देशांत हे औषध अजून माणसांपर्यंत पोहोचतच नाही. कुठे कायद्याची भीती, कुठे लिहून देणारा डॉक्टर नाही, कुठे ठेवणारं दुकान नाही. दुसरीकडे असे देश आहेत जिथे मरण मागायचा हक्क असावा का यावर वाद चालतात, आणि कुठली मशीन लावू नये हे माणूस आधीच कागदावर लिहून ठेवू शकतो. ते वाचताना काकांचे बांधलेले हात आठवले. पण जास्त आठवली ती आमची खोली. आमच्याकडे सगळं पोहोचलं होतं. सिस्टर, गोळी, फोनचा नंबर. फळीपासून खाटेपर्यंत चार हात जागा राहिली होती, आणि तिथे मी उभी होते.

त्या तेरा दिवसांत मी एकदा अप्पांना सांगायचा प्रयत्न केला. दुपार होती, आई भाजी आणायला गेली होती, आत्या अंगणात होती. मी म्हटलं, "अप्पा, त्या चार दिवसांत औषध..." ते म्हणाले, "होतं गं असं. सरकारी माल. कधी येतो, कधी नाही. तू तरी काय करणार?" आणि माझा हात थोपटला. मी पुढे बोलले नाही. खरं सांगितलं असतं तर कुणाला बरं वाटलं असतं, त्यांना की मला, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आताही येत नाही.

ते सकाळी दहाच्या सुमारास गेले. आईने तोंडात पाणी घातलं, आत्याने तुळशीचं पान ठेवलं, मी पायांशी होते. मामांनी आधी पंचांग बघितलं आणि मग धावत आत आले, आणि दिवसभर आमच्यासाठी जेवढं करता येईल तेवढं त्यांनी केलं. लोक येत होते. आत्या प्रत्येकाला सांगत होती की नक्षत्र चांगलं, आपलं घर, सगळी माणसं भोवती, शेवटी दुखलंसुद्धा नाही. असं मरण नशिबात असावं लागतं. मग ती माझ्याकडे बोट करायची. हिने सगळं केलं, घड्याळ लावून औषध दिलं, शिकलेली आहे.

लोक माझ्याकडे वळून बघत. मी मान हलवत होते. आई मात्र दर वेळी उठून आत जायची, आणि जमलेल्या बायका आईला भूक लागली असेल, कुणीतरी तिला दोन घास द्या, असं म्हणत राहिल्या.